आम्ही ड्यूटीवर आहोत

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या मुख्याध्यापिका श्रीमती ग्वेंडोलिन स्ट्रदर्स, टॉलिव्हर शिक्षण संस्थेचे उपसंचालक डॉ. लिंडन कॅरदर्स, माउंट हेब्रॉन बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर क्लेबॉर्न, आजचे सत्कारमूर्ती आणि गेली कित्येक वर्षं या शाळेचे समुपदेशक असलेले श्री. थॅडियस ब्रॉडनॅक्स, आजी-माजी शिक्षक, पालक, मागच्या रांगेत बसून माझं भाषण किती लांबणार यावर पैज लावणारे माझे जुने विद्यार्थी, आणि दारांपाशी पांढरे हातमोजे घालून उभी असलेली मुलं, तुम्हा सगळ्यांना एर्नेस्टीन पेटिफोर्डचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी निवृत्त बाई आहे, त्यामुळे पाच मिनिटांचा अर्थ मी माझ्या सोयीने लावणार. खाली तळघरात मॅकरोनी आणि रताळ्याची गोड पाई गरम आहे, हे मलाही कळतंय. वास इथपर्यंत येतोय. ती गार होणार नाही, याची जबाबदारी स्वयंपाकघरातल्या बायकांनी घेतली आहे. उरलेली जबाबदारी माझी.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. ते वेळेवर यायचे, मनमिळाऊ होते, सगळ्यांशी हसून बोलायचे. ब्रॉडनॅक्स सरांबद्दल यातलं एकही वाक्य खरं नाही. ते नेहमी उशिरा यायचे, कारण वाटेत कुणाच्या तरी दारात थांबलेले असायचे. मुख्याध्यापकांशी ते हसून बोलल्याचं मला आठवत नाही. आणि त्यांचा टाय! बाल्टिमोर शहरात इतका वाकडा टाय दुसऱ्या कुणाचा असेल तर त्याने उभं राहावं, मी जाहीर माफी मागते.

मला शिकवलं ते आपल्यासारख्याच काळ्या सिस्टर्सनी, कॉन्व्हेंटमध्ये. सिस्टर पर्पेच्युआ म्हणायच्या, जी गोष्ट सांगायची आहे तिचं नाव घे, नाहीतर तोंड मीट. म्हणून नाव घेते. आत्महत्या. बघा, पास्टर, छत कोसळलं नाही.

काही वर्षांपूर्वी या शाळेतला एक मुलगा गेला. त्याच्या आईला मी शब्द दिला आहे, त्यामुळे त्याचं नाव घेणार नाही. पण तो कसा गेला हे सगळ्यांना माहीत होतं आणि अंत्यविधीला एकाही माणसाने तो शब्द उच्चारला नाही. नंतर चर्चच्या तळघरात जेवणाच्या पंगतीत माझ्या डावीकडे एक बाई कोंबडीची तंगडी हातात धरून म्हणत होत्या, "अपघात झाला हो पोराचा." उजवीकडच्या म्हणत होत्या, "आपल्यात असलं काही नसतं. ते गोऱ्यांचं खूळ." मी विचारलं, "मग तो काय गोरा होता?" त्यानंतर त्या दोघींनी मला नाताळचं कार्ड पाठवलेलं नाही. त्या दोघी आज इथे आहेत. नमस्कार.

का नसतं आपल्यात? आपल्याला हाडं नाहीत? झोप उडत नाही? आपल्या आज्या-पणज्यांनी काय काय सोसलं आणि त्या उभ्या राहिल्या, हे आपण पोरांना इतक्यांदा ऐकवलं की पोरांना वाटायला लागलं, आपण वाकलो तर आपण त्यांच्यातले नाहीच. कणखरपणाचं आपण दप्तर केलं आणि चौदा वर्षांच्या पाठीवर लादलं. हा राग मी आधी आपल्यावर काढते. संस्थेवर नंतर. डॉ. कॅरदर्स, पाणी पिऊन घ्या.

तो मुलगा गेल्यावर संस्थेने आम्हाला एक कार्यक्रम पाठवला. पेटीत बंद. एक फिल्म, एक पुस्तिका आणि एक हसतमुख बाई. फिल्ममध्ये सोनेरी केसांचा मुलगा तळ्याकाठच्या भल्यामोठ्या घरापुढे एकटा बसलेला. शेजारी कुत्रा. मग तो मुलगा रडतो आणि आपली गिटार मित्राला देऊन टाकतो. माझा वर्ग बघत होता. कुणीतरी विचारलं, "हे सगळं घर एकट्याचंच आहे का?" दुसरा म्हणाला, "कुत्र्याला वेगळी खोली दिसतेय, बघ." हसतमुख बाईंनी विचारलं, "मुलांनो, तुमच्यापैकी कुणाला सतत उदास वाटतं?" एकही हात वर नाही. शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, इथे कुणी उदास नसतं. इथे डोकं फिरलेलं असतं."

इतकं सोपं वाक्य. त्या बाईंनी ते लिहून घ्यायला हवं होतं. त्यांनी लिहिलं, वर्ग सहकार्य करत नाही.

आणि पुस्तिकेच्या शेवटी काय होतं? मित्राची काळजी वाटली तर शाळेतल्या पोलिसाला सांगा. पोलिसाला! माझ्या वर्गाने पुस्तिका मिटून टाकल्या. मी या सभागृहाला विचारते. तुमचं पोर खचलंय, घाबरलंय, स्वतःच्या जिवावर उठलंय, आणि दारात गाडी येऊन थांबते, निळे दिवे फिरतात. तुमच्यापैकी कोण म्हणेल, बरं झालं, आता माझं पोर सुखरूप आहे? हात वर करा. डॉ. कॅरदर्स, सभागृह बघून घ्या. हाही वर्ग सहकार्य करत नाही.

ब्रॉडनॅक्स सरांनी ती पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. पुढच्या सोमवारी ते एका पिशवीत पांढरे हातमोजे घेऊन आले.

आता मी कॅथलिक. आमच्याकडे मिस्साच्या प्रार्थनेला लोक इतके शांत बसतात की एखादा गेला तरी प्रसाद वाटायची वेळ येईपर्यंत कळणार नाही. पण तुम्ही बॅप्टिस्ट मंडळी दारावरच्या सेवेकऱ्यांच्या, अशर लोकांच्या, हाताखाली वाढलात. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, एक शब्द नाही, सगळं खुणांनी. गाणं रंगात आलं, एखाद्या बाईचा बांध फुटायला आला, की ती उठायच्या आधीच तिच्या शेजारी कुणीतरी उभं असतं. काय झालं म्हणून विचारत नाहीत. कोपराखाली हात, हातात पंखा, बस. ब्रॉडनॅक्स सर त्यांच्या चर्चमध्ये लहानपणापासून दारावर उभे राहिलेले. स्टाफरूममध्ये ते म्हणाले, "दारावर उभं राहिलं की माणूस पाठीवरून कळतो. पोरांना हेच शिकवू."

मी म्हटलं, "थॅडियस, पोरं तुला हसतील."

"हसू देत. हसायला का होईना, तोंड उघडतील."

आणि पोरं हसलीच. "आम्ही वेटर आहोत का?" "सर, टोपीतून ससा कधी काढायचा?" पण हातमोजे घातले. चर्चमधल्या खुणांना सरांनी शाळेपुरती एक खूण जोडली आणि ती शाळेतल्या सगळ्या पोरांना शिकवली. डावा हात पाठीमागे, दोन बोटं जमिनीकडे. अर्थ एवढाच, माझ्याजवळ येऊन उभं राहा. खूण दिसली की हातमोजेवाल्याने जायचं. काही विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, सोडून यायचं नाही. मग बरोबर चालत सरांच्या खोलीपर्यंत. तिथे सर विचारत, सरळ, नाव घेऊन. "मरायचे विचार येतात का?" सिस्टर पर्पेच्युआंना सर आवडले असते. विचारल्याने पोरांच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून खांदे खाली येतात. मी पाहिलं आहे. आणि उत्तर हो आलं तर पुढचा प्रश्न असायचा, "आत्ता तुला कुणाचं तोंड बघायचंय?" आजी म्हणाल तर आजी. फुटबॉलचा मास्तर म्हणाल तर तो. वेण्या घालणारी बाई म्हणाल तर ती, दुकान बंद करून. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर दवाखाना कधी टाळला नाही. पण पोर ओळखीच्या माणसाचा हात धरून गेलं.

त्यांनी मुलांना हेही शिकवलं की आपल्यात दुःख रडतच येतं असं नाही. ते बाकावर डोकं टाकून झोपतं, मारामारी करतं, मास्तरणीला उलट बोलतं.

उलट बोलण्यावरून आठवलं, ट्रेझर.

ट्रेझर इथे आहे, चौथ्या रांगेत, निळा कोट. तिची परवानगी घेऊन सांगते. फोनवर ती म्हणाली, "नाव घ्या माझं, मिस पेटिफोर्ड, पण 'बिचारी' म्हणालात तर उठून जाईन." तेव्हा बस, पोरी. तो शब्द येणार नाही.

ट्रेझर दहावीत होती. आई वारलेली, राहायची आजीकडे, मिस लुविनियांकडे. आजी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला. ट्रेझर माझ्या तासाला झोपायची, आणि उठवलं की मला असं काही ऐकवायची की तेवढ्यापुरता वर्ग जागा व्हायचा. त्या शरदात एक नवे उपमुख्याध्यापक आले होते. टोळ्यांच्या खुणा ओळखण्याचं प्रशिक्षण घेऊन आलेले. त्यांच्या भिंतीवर बोटांच्या चित्रांचा तक्ता लावलेला होता.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ट्रेझर भिंतीपाशी उभी राहिली. डावा हात पाठीमागे, दोन बोटं जमिनीकडे. पलीकडून मोनेट, हातमोजेवाल्या मुलांतली मोठी, ताट ठेवून निघाली. पण तिच्याआधी उपमुख्याध्यापक पोचले.

"कुणाला खुणावते आहेस?"

"तुम्हाला नाही."

"कुठल्या टोळीची खूण आहे ही?"

मोनेट म्हणाली, "सर, ती आमची खूण आहे."

"तुमची म्हणजे? तूही त्यातली का?"

पुढचं तुम्हाला सांगायला हवं का? ट्रेझरला शाळेतून निलंबित केलं. पोलिस तिला दारापर्यंत पोचवायला गेला. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा, शिकवलं तसं, हात मागे नेऊन सांगितलं की माझ्याजवळ या. आणि आपल्या शाळेने तिला रिकाम्या घरी पाठवलं. ब्रॉडनॅक्स सर कुठे होते? संस्थेच्या कार्यालयात. हातमोज्यांवरचा खर्च का करावा, हे समजावून सांगायला बोलावलं होतं त्यांना.

माझ्या वर्गाच्या खिडक्या रस्त्याकडे. मी क्रियापदं शिकवत होते. बघते तर हातमोजेवाली मुलं शाळेच्या पुढच्या दारातून रांगेत बाहेर पडतायत. धावत नाहीत, चर्चमध्ये चालतात तशी. मोनेट पुढे. मी वर्ग शेजारणीच्या गळ्यात टाकला आणि कोट न घेता मागे गेले. माझे गुडघे तेव्हाही असेच कुरकुरायचे.

ट्रेझरच्या घरासमोर त्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या आहेत ना, मिस लुविनिया शनिवारी घासतात त्या, त्यांवर मुलं बसली. दार वाजवलं नाही. हाका मारल्या नाहीत. नुसती बसली, हात मांडीवर.

मी फुटपाथवरून ओरडले, "हा काय प्रकार आहे? वर्गात चला सगळे!"

मोनेट उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "मिस पेटिफोर्ड, आम्ही ड्यूटीवर आहोत."

इतकी वर्षं शिकवलं मी. वर्गात जा म्हटल्यावर मुलं जातात. ती मुलं गेली नाहीत. मग मी पण बसले. संगमरवर नोव्हेंबरात किती गार असतो, हे ज्याचं त्याने अनुभवावं.

समोरच्या घरातून एका बाईंनी खिडकी वर केली. "काय गं ए, हातमोजे घालून बसलात? कोण गेलं?"

मोनेट म्हणाली, "कुणी नाही, मॅम. म्हणूनच बसलोय."

खिडकी तशीच उघडी राहिली. थोड्या वेळाने त्याच बाई चिकनचा खोका आणि ढीगभर फ्राइज घेऊन रस्ता ओलांडून आल्या, खोका पायरीवर ठेवला आणि काही न विचारता परत गेल्या. खूण न शिकवता त्यांना कळलं.

शेवटी दार उघडलं. ट्रेझर. डोळे सुजलेले, आवाज नेहमीचाच. "हे काय? मी वेटर मागवले नव्हते."

मोनेट फक्त थोडी सरकली. पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.

ट्रेझरने त्या जागेकडे पाहिलं. मग ती बसली. कुणीतरी खोका तिच्याकडे ढकलला. तिने फ्राइज खाल्ल्या. थंडगार झालेल्या. मग ब्रॉडनॅक्स सरांची गाडी आली, चाक फुटपाथवर चढवून उभी राहिली, टाय कानापाशी. ते तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि भर रस्त्यात, दिवसाउजेडी, विचारलं, "ट्रेझर, मरायचा विचार करते आहेस?"

ती म्हणाली, "हो."

"कुणाचं तोंड बघायचंय?"

"आजीचं. पण ती येणार नाही. पगार कापतात."

सर गाडीत बसून गेले आणि धोबीखान्यातून मिस लुविनियांना घेऊन आले, अंगावरच्या कामाच्या कपड्यांत. मी कल्पना केली होती की त्या पोरीला जवळ घेतील. त्या फुटपाथवर उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही नसतं! मी तिला प्रार्थना करायला शिकवलीय!" मिस लुविनिया, तुम्ही रागावू नका, तुम्हीच मला म्हणालात की हेही सांग. ब्रॉडनॅक्स सर म्हणाले, "प्रार्थना करूच की. तुम्ही गाडीत करा, मी चालवतो. डॉक्टरांना फोन केलाय." मिस लुविनियांनी एकदा सरांकडे पाहिलं, मग पायऱ्यांवरच्या त्या हातमोजेवाल्या रांगेकडे. मग त्या पोरीच्या वरच्या पायरीवर बसल्या, तिचं डोकं मांडीवर ओढलं आणि तिची सुटत आलेली एक वेणी पुन्हा घालायला लागल्या. म्हणाल्या, "कधीपासून, बाळा?" पोरीने सांगितलं. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग त्या दोघी सरांच्या गाडीतून दवाखान्यात गेल्या.

ती बरी व्हायला वेळ लागला. एका दुपारीत काही होत नाही. औषध लागलं, डॉक्टर लागले, आजीचा हट्ट लागला, आणि बरेच दिवस रोज सकाळी कुणीतरी हातमोजेवालं त्या पायऱ्यांपाशी तिची वाट बघत उभं असायचं. उपमुख्याध्यापकांनी निलंबन मागे घेतलं. त्यांची पुढे बढती झाली, हे सांगायला मला आनंद होत नाही. ट्रेझर आता समुपदेशनाचं शिक्षण घेते आहे. वसंतात तिची पदवी पूर्ण होईल. तिला कुठे काम करायचंय, हे मी सांगायला नको.

आणि आता डॉ. कॅरदर्स, तुमच्याकडे वळते. संस्थेचं पत्र आलं आहे. ब्रॉडनॅक्स सरांची जागा भरली जाणार नाही. त्यांची खोली भांडारासाठी. हातमोजे बंद, कारण मुलांनी मुलांवर लक्ष ठेवणं नियमात बसत नाही. सप्टेंबरपासून प्रत्येक मुलाला टॅबलेटवर प्रश्न विचारले जातील. पहिला प्रश्न मी वाचला. 'तुम्हाला सतत उदास वाटतं का?'

ती फिल्म गेली, त्या हसतमुख बाईंचा प्रश्न जिवंत राहिला! आणि उत्तर काळजीचं आलं तर टॅबलेट कुणाला कळवणार? मी विचारून घेतलं. शाळेतल्या पोलिसाला. तुम्ही म्हणता, सगळीकडे एकच कार्यक्रम हवा, तरच मोजता येतो. विद्यापीठाची माणसं इथे येऊन ब्रॉडनॅक्स सरांचं काम मोजून गेली, तो अहवाल तुमच्याच कपाटात आहे. मी इंग्रजीची बाई, आकडे सांगत नाही. मी एवढंच विचारते. जे मूल उत्तर देणार नाही, ते तुमच्या टॅबलेटला कुठून दिसणार? पाठीवरून दिसेल? तो...

मुलांनो, कुठे निघालात? मी बोलते आहे ना अजून? मधल्या वाटेने भाषण चालू असताना चालायचं नसतं, हे मीच शिकवलंय तुम्हाला. बाजूच्या दारातली तूसुद्धा? अगं, व्यासपीठावर कुठे चढतेस...

अच्छा.

थॅडियस. तुझा डावा हात कुठे आहे?

मंडळी, जरा थांबते.

गेल्या हिवाळ्यात यांची पत्नी गेली. फुलं पाठवली आपण, मीही पाठवली. त्यानंतर "कसे आहात" म्हटलं की हे "देवाची कृपा" म्हणायचे, आणि आपण पुढे जायचो. आज यांची शाळाही सुटते आहे. मी इतका वेळ यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून यांचेच गुणगान करते आहे आणि मला दिसलं नाही. डॉ. कॅरदर्स, तुमची खुर्ची तर यांच्या खुर्चीला लागून आहे. तुम्हालाही दिसलं नाही. बाजूच्या दारात उभ्या असलेल्या नववीतल्या मुलीला दिसलं. आता बघा, ती त्यांना काही विचारत नाहीये.

माझं भाषण संपलं. पुढची दोन पानं मी घडी घालते, त्यात तशीही संस्थेबद्दल अजून कडू लिहिलं होतं. अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, माउंट हेब्रॉनच्या बायकांनी पहाटेपासून राबून जेवण केलं, ट्रेझर आणि मिस लुविनियांनी आपली गोष्ट मला सांगू दिली, समोरच्या घरातल्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही, पण त्यांनी त्या दिवशी रस्ता ओलांडला, या सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या जिभेने कुणाला ओरखडा काढला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर या म्हाताऱ्या मास्तरणीला क्षमा करा. हातमोज्यांचं आणि त्या खोलीचं काय करायचं, ते संस्थेने ठरवायचं आहे, आणि ते ठरेपर्यंत मी संस्थेच्या पायऱ्यांवर बसणार आहे. संगमरवर असो की सिमेंट.

डॉ. कॅरदर्स, तुमची खुर्ची जरा सरकवता का? मुलांना उभं राहायला जागा हवी आहे.